ॲबर्डीनशायरमधे शेताशेतातून भटकंती (आणि काल खाल्लेला ओरडा)

गारठलेली_धनू | २९ मार्च, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. इथे बरेच जण स्कॉटलंडात आहात हे माहितीये म्हणून धागा काढतेय. आम्ही ॲबर्डीनमधली पाच टाळकी, दोन तेलवाले (तेल कंपनीत काम करणारे), एक नर्स, एक पीएचडीवाली आणि मी (मी एक्सेल करते, पुढे विचारू नका), गेली दोन वर्षं मार्च ते मे दर दोन-तीन आठवड्यांनी एक शनिवार चालायला जातो. मोठे डोंगर नाहीत, साधी शेतं. ट्रेनने इनव्हरूरीला उतरायचं, अर्धा तासही लागत नाही, आणि तिथून शेतरस्त्यांनी ईस्टर अकॉर्थीजच्या दगडी वर्तुळापर्यंत (उच्चार तपासू नका, मी अजून शिकतेच आहे). चार हजार वर्षांपूर्वीचं प्रकरण आहे. गोलात उभे दगड आणि त्यात एक भलामोठा दगड आडवा झोपवलेला, दोन्ही बाजूंना त्याचे दोन उंच राखणदार. अशी आडव्या दगडाची वर्तुळं स्कॉटलंडच्या या ईशान्य कोपऱ्यातच आहेत म्हणे. आणि हे सगळं शेतांच्या मधोमध. तिकीट नाही, रांग नाही. आम्ही तिथे बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खातो.

काल गेलो होतो. ऊन होतं, मग गारा, मग ऊन, मग पुन्हा गारा, म्हणजे नेहमीचंच. पण गॉर्स फुललंय! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, काटेरी झुडूप, पिवळीधमक फुलं, बांधाबांधाने माजलेलं असतं आणि ऊन पडलं की चक्क खोबऱ्याचा वास येतो. पहिल्या वर्षी मला वाटलेलं ग्रुपमधे कोणीतरी पॅराशूट चोपडून आलंय.

तर ओरडा. एका शेताचं गेट सताड उघडं होतं. आत मेंढ्या, त्यांची पिल्लं. आम्ही शहाणे, म्हटलं कोणीतरी विसरलेलं दिसतंय, मेंढ्या बाहेर पडतील, म्हणून आत गेल्यावर नीट कडी घालून बंद केलं, वर एकमेकांचं कौतुकही केलं. पाचशे पावलं गेलो नसू तर मागून क्वाड बाईक. काका लाल झालेले. डोरिक (इथली स्थानिक बोली) बोलत होते, त्यातलं मला "गेट" एवढंच कळलं, तेही पाच वेळा. आमच्यातल्या एकाने सॉरी सॉरी म्हटलं, ते गेले आणि गेट परत उघडं करून आले!! मला अजून कळलं नाहीये की उघडं गेट बंद केलं यात आमचं चुकलं काय. आणि मुळात आपण असं कोणाच्याही शेतातून चालू शकतो ना? की आम्ही दोन वर्षं घुसखोरी करतोय?

---

पावशेर_पाऊस | २९ मार्च, रात्री ९:३२

पहिला!

फोटो कुठायत? फोटो नसतील तर फाऊल धरण्यात येईल.

---

ट्वीडकाठची | २९ मार्च, रात्री १०:०५

धनू, घुसखोरी नाही. २००३ चा लँड रिफॉर्म कायदा आहे स्कॉटलंडचा, तो २००५ पासून लागू झाला. जमीन, पाणी, डोंगर, बहुतेक सगळीकडे पायी, सायकलने, घोड्यावरून जायचा हक्क सगळ्यांना, पण जबाबदारीने जायचं ही अट. लोकांच्या घराचं आवार, बाग, शाळेचं मैदान वगैरे त्यात येत नाही. गाडी घेऊन घुसणं पण नाही. इंग्लंडमधे असं नाहीये बरं का, तिथे साधारणपणे ठरलेल्या पायवाटांवरूनच चालायचं, त्यामुळे तिकडून आलेले लोक इथे आधी बिचकतात.

पेरलेल्या शेतात मात्र बांधाकडेने जायचं किंवा ट्रॅक्टरच्या चाकांच्या ज्या दोन रेघा असतात ना, ट्रॅमलाईन म्हणतात, त्यातून. कोवळं पीक तुडवायचं नाही. आत्ता तुमच्याकडे बार्लीच्या पेरण्या चालू असतील, नुसती काळी जमीन दिसतेय म्हणून मधून जाऊ नका, खाली बी असतं.

मी मेलरोझजवळ असते. एडिनबराच्या लोकांनी कधी या, २०१५ ला रेल्वे परत सुरू झाल्यापासून ट्वीडबँकपर्यंत ट्रेन आहे, तिथून चालत मेलरोझ, मग ईल्डन टेकड्या. तीन टेकड्यांची जोडगोळी (तिघांची जोडगोळी कशी हे विचारू नका).

---

वाघरवाला | २९ मार्च, रात्री ११:४८

धनूताई, मी सांगोल्याचा, घरी मेंढरं होती, आजोबा शेवटपर्यंत वाड्याबरोबर (मेंढपाळांचा फिरता तळ) फिरले. आता मी ग्लासगोत लॅपटॉप वळतो. गेटाचं मी सांगतो.

ते गेट विसरून उघडं राहिलेलं नसणार, मुद्दाम ठेवलेलं असणार. शेजारच्या तुकड्यात पाण्याचा हौद असेल किंवा जास्तीचं खाद्य. तुम्ही बंद केलंत म्हणजे मेंढरं इकडे आणि पाणी तिकडे. व्यायलेल्या मेंढीला दूध यायला पाणी किती लागतं माहितीये का. आणि दुसरं म्हणजे आई पाण्याला गेली होती आणि पिल्लू झोपलं होतं असं असेल तर तुम्ही मायलेकरांच्या मधे कडी घातलीत. दोन-तीन दिवसाचं कोकरू गारांमधे आईशिवाय राहिलं की जिवावर बेतू शकतं. म्हणून इथला साधा नियम, गेट जसं दिसेल तसं ठेवायचं. उघडं तर उघडं, बंद तर बंद. आपलं डोकं लावायचं नाही.

काका चिडले त्याचं अजून एक कारण सांगतो, झोप. लॅम्बिंग म्हणजे मेंढ्या विण्याचा हंगाम, सखल भागात मार्च-एप्रिल, वर डोंगरात थोडा उशिरा. या दिवसात मेंढीवाला माणूस रात्री दर दोन-तीन तासांनी उठून शेडमधे चक्कर मारतो. आमच्याकडे पण कोकरं पडायच्या दिवसात आजोबा झोपलेले मी पाहिले नाहीत. घरात लग्न असताना कोणी पाहुणा येऊन पंगतीची भांडी हलवून ठेवतो ना, तसं झालं तुमचं.

आता गेलात तर एक बघा. मेंढीच्या अंगावर स्प्रेने आकडा मारलेला असतो, समजा ४७, आणि तिच्या पिल्लांवर पण ४७. दोन पिल्लं असतील तर दोघांवर. कोणाचं कोण ते लांबून कळावं म्हणून. मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा इतकं हसू आलं, आजोबा तीनशे मेंढरं नुसती ओरडण्यावरून ओळखायचे.

---

पावशेर_पाऊस | ३० मार्च, सकाळी ८:१५

वाघरवाला _/\_ दंडवत. वेगळा धागा काढा राव तुम्ही.

---

चौकट_राजा | ३० मार्च, दुपारी १२:२०

प्रामाणिक प्रश्न, रागावू नका. स्कॉटलंडला जाऊन शेतं काय बघायची? स्काय आहे, ग्लेन्को आहे, लॉख नेस आहे. मेंढ्या आणि चिखल बघायला व्हिसा कशाला, आमच्या बारामतीला या.

---

गारठलेली_धनू | ३० मार्च, दुपारी १:०२

@वाघरवाला, वाचून पोटात गोळाच आला. आम्हाला खरंच वाटलं चांगलं काम केलं. धन्यवाद हो, इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं.

@चौकट_राजा, स्काय दोनदा झालंय. पहिल्यांदा पार्किंग मिळालं नाही, दुसऱ्यांदा पाऊस असा की समोरचा डोंगर आहे की नाही यावर ग्रुपमधे मतदान झालं. इथे कोणी नसतं. शेताच्या तोंडाशी एक लाकडी खोकं, त्यात अंडी, बाजूला पैसे टाकायला डबा, विकायला माणूस नाही. परवा सुटे नव्हते म्हणून आमची नर्सबाई सहा अंड्यांसाठी वीस मिनिटं मागे गावात जाऊन सुटे घेऊन आली. आता सांगा स्कायला असं काही होतं का.

@पावशेर, फोटो टाकते, पण सगळ्यात मेंढ्यांच्या पार्श्वभागाचे आहेत, त्या आपल्याला बघून वळतातच.

---

कुत्रंमाजघरात | ३० मार्च, संध्याकाळी ६:४०

आमच्याकडे कॉकापू जातीची कुत्री आहे, बर्फी. अतिशय गुणी, मुंगीला पण घाबरते. तरी गेल्या आठवड्यात पर्थशायरमधे एका बाईने आम्हाला शेतातून परत पाठवलं, बर्फी पट्ट्यावर असूनसुद्धा. हक्क सगळ्यांना आहे ना? मग कुत्र्याबरोबर चालणाऱ्यांनी काय पाप केलंय?

---

ट्वीडकाठची | ३० मार्च, संध्याकाळी ७:११

हक्क आहे पण ॲक्सेस कोडमधे, म्हणजे या हक्काच्या नियमावलीत, स्पष्ट आहे, कोकरं-वासरं असलेल्या शेतात कुत्रं न्यायचंच नाही, पट्टा असो नसो. बर्फी गुणी असेल, पण मेंढीला ते कसं कळणार, तिच्यासाठी तो लांडगाच. गाभण मेंढी नुसती घाबरून पळाली तरी गर्भ जाऊ शकतो. २०२१ चा कायदा बघा, कुत्र्याने जनावरांना त्रास दिला तर ४०,००० पौंडापर्यंत दंड किंवा १२ महिने तुरुंग, किंवा दोन्ही. बाईंनी परत पाठवलं ते स्वस्तात गेलं.

---

कुत्रंमाजघरात | ३० मार्च, संध्याकाळी ७:३०

४० हजार?? बर्फीला विकूनही येणार नाहीत. ठीक आहे, मे संपेपर्यंत आम्ही समुद्रावर.

---

गोळीबंद | ३० मार्च, रात्री ८:५५

डॉक्टर म्हणून एक भर घालते, कारण ग्रुपमधे अशा मैत्रिणी असतातच. गरोदर असाल तर विणाऱ्या मेंढ्या आणि नवजात कोकरं यांच्यापासून लांब राहायचं, हा इथल्या एनएचएसचाच (सरकारी आरोग्यसेवा) सल्ला आहे. टॉक्सोप्लाझ्मा वगैरे जंतूंमुळे गर्भाला धोका असतो. रस्त्यावरून चालत जाताना लांबून बघायला हरकत नाही, फक्त फार्मवर "पिल्लाला दूध पाजा" प्रकारात जाऊ नका. लहान मुलं असतील तर डब्याआधी हात साबणाने, सॅनिटायझरने भागत नाही.

आणि गोचिड्या! वसंतात सुरू होतात. पँट मोज्यात खोचा, दिसायला विचित्र दिसलं तरी. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कंबरेला तपासा. चिमट्यासारखं टिक रिमूव्हर केमिस्टकडे मिळतं. चावल्यावर काही दिवसांनी गोल लाल चट्टा पसरायला लागला तर लगेच डॉक्टर गाठा, गोचिडीमुळे होणारा लाईम आजार असू शकतो.

---

दगडूशेट_एडिनबरा | ३१ मार्च, सकाळी १०:१०

आमच्या इकडे जंगली लसूण आलाय ओढ्याकाठी. पात ओरबाडून आणली, हिरवी मिरची, दाणे, मीठ, खलबत्त्यात ठेचा. भाकरी नव्हती म्हणून ओटकेकवर. काय सांगू.

---

गोळीबंद | ३१ मार्च, सकाळी १०:३४

शेट, पान चुरगाळून वास घेतल्याशिवाय काही तोडू नका, त्याच जागी त्याच दिवसात त्याच्यासारखी दिसणारी विषारी पानंही उगवतात. आणि एकदा हाताला लसणीचा वास लागला की मग सगळ्याच पानांना तो येतो, म्हणून मूठभर न खुडता एकेक पान बघून. मला तुमचा ठेचा आवडेल, तुमचा केसपेपर नको.

---

टिटवीचा_नातू | ३१ मार्च, रात्री ९:२०

उशिरा आलो. कोणी पक्ष्यांबद्दल बोलतच नाहीये! धनू, तुमच्या भागात आत्ता नांगरलेल्या रानात टिटव्या उतरलेल्या असतील. आपली लाल गालाची नाही, ही डोक्यावर लांब शेंडीवाली, पाठ हिरवट चमकणारी, आणि ओरडते "पी-विट". लोक पीझी म्हणतात, ट्यूखट पण म्हणतात. मार्चमधे त्या रानात परततात आणि नेमकं तेव्हाच एखादं बर्फाचं वादळ येतं, त्याला तिकडे ट्यूखट स्टॉर्म असं नावच आहे. माझी आजी रात्री टिटवी ओरडली की उठून देवापाशी दिवा लावायची, अपशकुन म्हणून. इथल्या म्हाताऱ्या स्वेटर बाहेर काढत असतील.

अंडी उघड्या जमिनीवर घालतात, नुसता खळगा. एप्रिलमधे बार्लीच्या रानात चालताना एखादी टिटवी डोक्यावरून सूर मारत ओरडायला लागली तर समजा घरटं जवळ आहे, आल्या वाटेने मागे फिरा. संख्या फार घटलीये त्यांची. चंडोल पण ऐका, वर वर जात गातो आणि दिसत मात्र नाही, मान दुखते.

---

वाघरवाला | १ एप्रिल, रात्री १२:३०

झोप येत नाहीये म्हणून एक अवांतर. इनव्हरूरीकडे हिवाळ्यात नीप्सच्या, म्हणजे एक प्रकारच्या सलगमच्या शेतात मेंढरं सोडलेली दिसतील. आख्खं शेत एकदम मोकळं करत नाहीत, जाळीचं विजेचं कुंपण लावून पट्टा पट्टा देतात. एक पट्टा खाऊन झाला की जाळी पुढे. मेंढरं खातात आणि तिथेच लेंड्या टाकतात, वसंतात त्याच रानात बार्ली.

आमच्याकडे शेतकरी रानात मेंढरं बसवायला बोलवायचे, खतासाठी. रात्री भोवती वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, लावायची, दुसऱ्या रात्री वाघर पुढच्या तुकड्यात. बदल्यात धान्य नाहीतर पैसे. पहिल्या हिवाळ्यात बसमधून ती जाळी दिसली आणि मी पुढच्या स्टॉपला उतरलो. बघत उभा राहिलो बराच वेळ. जाळीला हात लावला आणि शॉक बसला, तो भाग आमच्या वाघरीत नव्हता.

---

चौकट_राजा | १ एप्रिल, सकाळी ९:०५

ओके, शब्द मागे घेतो. वाचनखूण साठवली.

---

सातबारा | ३ एप्रिल, दुपारी ४:४५

मला हे वाचून गंमत वाटतेय की कोणीही उठून शेतातून चालत जातो आणि शेतकरी फक्त गेटावरून ओरडतो. आमच्याकडे बांध नांगराच्या एका तासाने सरकला म्हणून दोन सख्खे भाऊ बावीस वर्षं कोर्टात आहेत. आणि त्या काकांची जमीन स्वतःची असेलच असंही नाही, तिकडे मोठमोठ्या इस्टेटी आहेत आणि बरेच शेतकरी त्यांची कुळं. कसेल त्याची जमीन तिकडे अजून व्हायचंय.

---

पावशेर_पाऊस | ३ एप्रिल, दुपारी ४:५२

धाग्याचं काश्मीर होण्याआधी कोणीतरी पुऱ्यांची पाकृ टाका.

---

गारठलेली_धनू | १९ एप्रिल, सकाळी ११:२०

अपडेट! काल परत गेलो, यावेळी बेनाखीच्या पायथ्याच्या शेतांकडून. वर मिदर टॅपवर जायचा बेत होता (५१८ मीटर, वर पिक्ट, म्हणजे इथल्या प्राचीन लोकांच्या किल्ल्याची दगडी तटबंदी आहे, आणि शेजारचं ऑक्सन क्रेग दहा मीटरने उंच असूनही त्याला कोणी विचारत नाही, बिचारं). गेलोच नाही वर. का ते सांगते.

कडेकडेने चाललो होतो, गेटं जशीच्या तशी, पँटी मोज्यात, सगळं या धाग्याप्रमाणे. तर कुंपणापलीकडे एक मेंढी पाठीवर पडलेली. चारी पाय आभाळाकडे. पोट टम्म. आम्हाला वाटलं मेली. पीएचडीवाली म्हणाली ऊन खात असेल (ही मुलगी डॉक्टर होणार आहे). मग एक पाय हलला.

मी लगेच @वाघरवाला यांना मेसेज टाकला फोटोसकट. दोन मिनिटांत उत्तर, "उलथलीये. उठवा. आत्ता." पाठीवर पडली की तिला स्वतःला वळता येत नाही, गाभण असेल आणि लोकर जड असेल तर आणखीनच, पोटात गॅस साठून फुप्फुसं दाबली जातात आणि काही तासांत मरते. आता आतापर्यंत आम्ही मेंढ्यांपासून लांब राहायचं एवढंच घोकून आलेलो. पण नर्सबाईंनी सॅक टाकली आणि फाटकाच्या बिजागरीच्या बाजूने चढून आत. मी मागे. सांगते, मेंढी जड असते. हात लोकरीत मनगटापर्यंत जातात, आत ऊबदार आणि तेलकट, बाहेर ओला चिखल. एकीने खांद्याची लोकर धरली, दुसरीने कंबरेची, एक दोन तीन, आधी कुशीवर, मग उभी. लगेच सोडायचं नाही असं मेसेजमधे होतं, पाय बधिर झालेले असतात, परत पडते. म्हणून तिला दोन गुडघ्यांमधे धरून मी उभी, अंगावर १२४ आकडा, माझ्या नव्या जॅकेटवर आता उलटा ४२१. तिने एक मोठा ढेकर दिला, माझ्या बुटावर शू केली आणि हलत डुलत निघून गेली. मागे वळूनही नाही.

मग फार्मच्या घरी जाऊन सांगितलं, तेही मेसेजमधे होतं, एकदा उलथलेली परत उलथू शकते म्हणून. दार उघडलेल्या आजी होत्या. त्याला इकडे काउप होणं म्हणतात असं त्यांच्याकडून कळलं. आकडा विचारला, पाटीवर लिहिला, आमचे हात बघून बाहेरचा नळ आणि साबण दाखवला. आणि मग विचारलं, गेट कसं ठेवलंत?

मी म्हटलं, उघडलंच नाही, चढून गेलो. त्या म्हणाल्या "आय" (म्हणजे हो). एवढंच. ग्रुपमधल्या तेलवाल्याचं म्हणणं की ॲबर्डीनशायरमधे ही शाबासकी आहे.

---

टिटवीचा_नातू | १९ एप्रिल, दुपारी १२:०२

आहेच. "नॉट बॅड" ऐकलं असतं तर पेढे वाटायचे.

---

वाघरवाला | १९ एप्रिल, दुपारी १:१५

जॅकेटचा डाग कोमट पाण्याने घासू नका, आधी वाळू द्या. मार्किंग स्प्रे असतो, थोडा राहीलच. मी ते फोटो गावी भावाला पाठवले, तो विचारतोय त्या दोघी बाया कुठल्या वाड्यावरच्या.

---

कुत्रंमाजघरात | १९ एप्रिल, दुपारी २:४०

बर्फीतर्फे १२४ ला शुभेच्छा. लांबून.

---

ट्वीडकाठची | १९ एप्रिल, संध्याकाळी ५:३०

मस्तच धनू. मे महिन्यात इकडे या सगळे, मोहरीच्या भावकीतलं ते ऑइलसीड रेप फुललेलं असतं, आख्ख्या टेकड्या पिवळ्या. हात पसरून फोटो काढायचा असेल तर ट्रॅमलाईनमधे उभं राहून. २ तारखेचा शनिवार कसा वाटतो? ट्वीडबँक स्टेशनवर साडेदहा. गरम कपडे आणा, मे संपेपर्यंत चिंधीसुद्धा उतरवू नये अशी इथली म्हणच आहे.

---

गारठलेली_धनू | १९ एप्रिल, संध्याकाळी ६:०४

आम्ही पाचजण नक्की. पुऱ्या माझ्याकडे. दगडूशेट, ठेचा आणा, पण डॉक्टरीणबाईंना आधी वास देऊन.